कोणाच्या नावावर काय राहिलं?

जीन ऱ्हीस यांच्या ‘वाईड सारगॅसो सी’ (१९६६) या कादंबरीत नायिका आंत्वानेतच्या लग्नाआधी घरात एक वाद झालेला असतो. काळ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला. जमैकात गुलामगिरी नुकतीच कायद्याने संपलेली आहे. म्हातारी कोरा आंटी आंत्वानेतच्या सावत्र भावाला जाब विचारते. मुलीचं होतं-नव्हतं ते सगळं तू एका परक्या माणसाच्या हवाली करतो आहेस, तिच्या नावावर काही राहावं म्हणून कायदेशीर तजवीज का केली नाहीस? भाऊ म्हणतो, तो सभ्य गृहस्थ आहे, मी माझा जीवसुद्धा त्याच्या भरवशावर सोडेन. म्हातारी सुनावते की जीव तू तुझा नाही, तिचा सोडतो आहेस. वादात तिचं काही चालत नाही. मग ती आपल्या अंगठ्या रेशमी पिशवीत घालून आंत्वानेतच्या हातात ठेवते आणि बजावते, त्याला दाखवू नकोस, लपवून ठेव. नवऱ्याच्या पदरात तीस हजार पौंड पडतात, एकही अट न घालता.

वसाहतोत्तर कादंबऱ्यांमधल्या आंतरसांस्कृतिक लग्नांची चर्चा मी बरीच वाचली आहे. त्या चर्चेत या पिशवीचा उल्लेख क्वचितच सापडतो. सापडते ती ‘प्रवाही अस्मिता’. दोन संस्कृतींतली माणसं लग्न करतात, मग जात, वंश, धर्म, राष्ट्र यांच्या कडा विरघळू लागतात आणि माणूस एकाच वेळी अनेक होतो, असा तो युक्तिवाद. परीक्षणांत, परिसंवादांत आणि साहित्याच्या वर्गांत तो इतका रुळला आहे की कादंबरीत असं लग्न दिसलं की निष्कर्ष आधीच तयार असतो. मला हा निष्कर्ष अर्धवट वाटतो, आणि तो बायकांच्या वाट्याला आलेल्या गोष्टींवर पांघरूण घालतो असंही वाटतं. या कादंबऱ्या मन लावून वाचल्या तर त्या वेगळंच काही दाखवतात. लग्नात दोघंही सारखे बदलत नाहीत. कोणी बदलायचं आणि कोणी होतं तसं राहायचं, हे घर कोणाचं, पैसा कोणाचा आणि कायदा कोणाच्या बाजूचा यावर ठरतं.

आंत्वानेतचंच बघा. ती क्रिओल, म्हणजे बेटावर जन्मलेली गोरी. काळ्या शेजाऱ्यांच्या लेखी ती ‘पांढरं झुरळ’ आणि इंग्लंडहून आलेल्यांच्या लेखी पुरती गोरी नव्हेच. प्रवाही अस्मितेचं याहून चोख उदाहरण शोधून सापडणार नाही. पण या प्रवाहीपणाने तिला एकाही क्षणी मोकळं केलं का? नवरा तिला ‘बर्था’ म्हणू लागतो. हे माझं नाव नाही, तू मला दुसरंच कोणीतरी करू बघतो आहेस, असं ती त्याला तोंडावर सांगते. त्याला फरक पडत नाही. क्रिस्टोफीन ही तिला वाढवणारी मार्टिनिकची काळी बाई सल्ला देते की सोड त्याला, निघून जा. आंत्वानेतचं उत्तर साधं आहे. आता माझं काहीच नाही, सगळं त्याचं आहे, इंग्लंडचा कायदाच तसा आहे. इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीला आपल्या मालमत्तेवर स्वतंत्र हक्क देणारा व्यापक कायदा १८८२ साली आला. क्रिस्टोफीन म्हणते, मला नवरा नाही, देवाची कृपा, माझे पैसे माझ्याकडेच राहतात. त्या घरात आपली ओळख स्वतः ठरवणारी बाई कोण, याचं उत्तर या एका वाक्यात आहे. आणि ती लग्न न केलेली आहे. समीक्षक गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांनी १९८५ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिलं की हीच क्रिस्टोफीन पुढे कथानकातून सहज बाहेर काढली जाते. तेही विसरता कामा नये.

त्या नवऱ्याला कादंबरीभर नाव नाही. तो धाकटा मुलगा. बापाची इस्टेट थोरल्याला जाणार म्हणून तो समुद्र ओलांडून पैशासाठी लग्न करतो. म्हणजे वारसाहक्काने तोही घडवलेला आहे. फरक एवढाच की कायद्याने जे त्याला नाकारलं ते त्याला बायकोकडून वसूल करता येतं.

वसाहतोत्तर सिद्धांत मांडणाऱ्या होमी भाभांचं ‘द लोकेशन ऑफ कल्चर’ १९९४ साली आलं आणि संकर (संस्कृतींची सरमिसळ), ‘तिसरा अवकाश’ (दोन संस्कृतींच्या मधली जागा) या कल्पना सगळीकडे पोचल्या. त्यांचं मोल मी नाकारत नाही. शुद्ध संस्कृती नावाची गोष्ट नसते, सत्ताधाऱ्याची ओळखही वसाहतीतल्या माणसाशी संबंध येताच डळमळते, हे त्यांनी नेमकं सांगितलं. शुद्धतेच्या नावाखाली माणसं मारली जातात तेव्हा ही मांडणी ढालीसारखी कामाला येते. पण संस्कृतीच्या अभ्यासक एला शोहात यांनी १९९२ सालीच एक प्रश्न उभा केला होता. जबरदस्तीने सामावून घेतलं जाणं, स्वतःहून केलेली नक्कल, राजकीय सोय म्हणून केलेली तडजोड आणि मनापासूनची सर्जक सरमिसळ, या सगळ्याला संकर हे एकच नाव दिलं तर त्यांतला सत्तेचा फरक दिसेनासा होतो. लग्नाच्या बाबतीत तर हे सगळे प्रकार एकाच छपराखाली, कधी एकाच दिवसात नांदत असतात. त्यामुळे तिथे शोहात यांचा प्रश्न अधिकच बोचतो.

या प्रश्नाचं सर्वांत धारदार उत्तर मला अरुंधती रॉय यांच्या ‘द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज’मध्ये (१९९७) मिळतं. तिथे दोघा भावंडांनी जवळजवळ एकच गोष्ट केली आहे. केरळातल्या सिरियन ख्रिश्चन घरातली अम्मू आसामातल्या चहाच्या मळ्यावर काम करणाऱ्या एका बंगाली हिंदूशी लग्न करते. तिचा भाऊ चाको ऑक्सफर्डला असताना मार्गारेट या इंग्रज तरुणीशी लग्न करतो. दोघंही समाजाबाहेर गेले. दोघांचीही लग्नं मोडली, दोघंही अयमेनमच्या त्याच घरात परत आले. अस्मिता प्रवाही होत असेल तर दोघांची सारखीच व्हायला हवी होती.

पण चाको परतला तो मालक म्हणून. लोणच्यांच्या कारखान्यात अम्मू त्याच्याइतकंच राबते, तरी त्याच्या तोंडी कायम माझा कारखाना, माझे अननस, माझी लोणची. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे कायद्यानेही ते खरंच होतं, कारण मुलगी म्हणून अम्मूचा मालमत्तेवर हक्क नाही असं धरलं जात होतं. तो बहिणीला सांगतो की तुझं ते माझं आणि माझं ते माझंच. त्याच्याकडे रात्री येणाऱ्या बायकांसाठी त्याची आई खोलीला वेगळा दरवाजा करून देते. पुरुषाच्या गरजा असतात, हा तिचा खुलासा. अम्मूने मात्र वेलुथा या दलित सुतारावर प्रेम केल्याचं कळताच तिला खोलीत कोंडलं जातं आणि पुढे घराबाहेर काढलं जातं. अम्मूची आत्या बेबी कोचम्मा हिच्या मते लग्न झालेल्या मुलीला माहेरी जागा नसते आणि घटस्फोटितेला तर कुठेच नसते. त्यातही घटस्फोट प्रेमविवाहातला असेल तर संताप शब्दांत मावत नाही, आणि परधर्मातल्या प्रेमविवाहातला असेल तर त्यावर ती थरथरत गप्पच बसते. चाकोचं लग्नही परक्या समाजातलं आणि प्रेमाचंच होतं. त्याच्या वेळी ही उतरंड कोणाला आठवत नाही. उलट मार्गारेट आणि चाकोची मुलगी सोफी मोल इंग्लंडहून येतात तेव्हा घर सणासारखं सजतं. अम्मूची जुळी मुलं त्याच घरात आश्रितासारखी वाढत असतात. त्यांना आडनावसुद्धा नाही, कारण नवऱ्याचं नाव की बापाचं, यात बाईला निवड अशी कुठली मिळते, हा अम्मूचा प्रश्न आहे.

कादंबरीतला हा काळ १९६९चा. त्या वेळी व्यवहारात चालत होता तो १९१६चा त्रावणकोर ख्रिश्चन वारसा कायदा. बाप मृत्युपत्र न करता गेला तर मुलीला मुलाच्या वाट्याचा एक चतुर्थांश किंवा पाच हजार रुपये, यांतलं जे कमी असेल ते. लेखिकेच्या आई मेरी रॉय यांनी या कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि १९८६ साली त्या जिंकल्या. न्यायालयाने म्हटलं की १९५१ पासूनच हा कायदा लागू नव्हता. त्या तारखेपासून १९२५चा भारतीय वारसा कायदाच लागू आहे. याचा अर्थ फार अस्वस्थ करणारा आहे. त्या प्रदेशातल्या कितीतरी मुली हक्क असताना तो नाही असं समजून आयुष्य काढत होत्या, आणि त्यांच्या घरातली माणसं त्याच समजुतीवर मालक झाली होती. अम्मू एकतिसाव्या वर्षी एका लॉजच्या खोलीत एकटी मरते. चर्च तिला दफनाला जागा देत नाही. तिची ओळख संमिश्र होती का, यावर शोधनिबंध लिहिता येतील. तिला घर का नव्हतं, हा प्रश्न मात्र त्याआधीचा आहे.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. मी सगळ्या कादंबऱ्या मालमत्तेच्या दाव्यासारख्या वाचतो आहे का? ओळख बदलण्यात आनंद नसतो का, सुटका नसते का?

असते. भारती मुखर्जी यांच्या ‘जास्मिन’मध्ये (१९८९) ती भरभरून आहे. पंजाबातल्या हस्नापूरची ज्योती जास्मिन होते, मग जॅझी, मग जेस, मग आयोवातल्या शेतीच्या गावात बँकर बडची जेन. दर नावासरशी आधीची बाई मरते आणि नवी जन्मते, आणि तिला या जन्मांची भूक आहे. विधवेने कसं जगावं हे ठरवून ठेवणाऱ्या गावातून निघालेल्या मुलीच्या या भुकेला मी नावं ठेवणार नाही. पण नावं ठेवणारी माणसं कोण ते पाहावं. जास्मिन हे नाव नवऱ्याने दिलं, जेस न्यूयॉर्कमधल्या मालकाने, टेलरने, आणि जेन बडने. प्रत्येक नावाबरोबर एक घर, एक नोकरी किंवा एक आसरा येतो आणि तो देणाऱ्याचा असतो. शिवाय एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. बडच्या घरात राहते, त्याचं मूल पोटात आहे, तरी जेन त्याच्याशी लग्न करत नाही. तो मागे लागतो, ती टाळत राहते. म्हणूनच शेवटी टेलरबरोबर कॅलिफोर्नियाला निघणं तिला जमतं. जास्मिन वाहत राहू शकते ती लग्नामुळे नव्हे, लग्नाबाहेर राहिल्यामुळे. समीक्षकांनी या कादंबरीला अमेरिकेचं कौतुक आणि पंजाबचं सवंग चित्रण यांबद्दल धारेवर धरलं, त्यात तथ्य आहे. तरी ही गोष्ट तिने अचूक टिपली आहे.

पुरुषाचा प्रवाहीपणा कसा असतो हे तय्येब सालिह यांनी ‘सीझन ऑफ मायग्रेशन टू द नॉर्थ’मध्ये (१९६६) दाखवलं. लंडनमधला सुदानी विद्वान मुस्तफा सईद एकाच वेळी अनेक इंग्रज स्त्रियांशी संबंध ठेवतो, प्रत्येकीसाठी नाव वेगळं: हसन, चार्ल्स, अमीन, मुस्तफा, रिचर्ड. त्याच्यापायी काही जणी आत्महत्या करतात आणि जीन मॉरिस या बायकोचा तो खून करतो. वसाहतवादाचा सूड म्हणून हे वाचलं जातं, आणि साम्राज्याने त्याला घडवलं हे खरंच आहे. पण सूड उगवला कोणाच्या अंगावर? शिक्षा भोगून तो नाईलकाठच्या गावी येतो, हुस्ना बिन्त महमूदशी लग्न करतो आणि घरातच एक कुलूपबंद खोली ठेवतो: इंग्रजी शेकोटी, भिंतीभर पुस्तकं, त्यांत अरबी एकही नाही, कुराणसुद्धा इंग्रजीत. एका घरात दोन आयुष्यं ठेवण्याची चैन त्याला परवडते. तो नाहीसा झाल्यावर हुस्नाचं लग्न सत्तरी ओलांडलेल्या वद्द रय्यिसशी लावलं जातं, तिच्या मर्जीविरुद्ध. ती त्याला मारून स्वतःही मरते. तिने एकही सीमा ओलांडली नव्हती, फक्त नाही म्हटलं होतं. चर्चेत मुस्तफाची पाच नावं येतात. हुस्नाचा नकारही तितक्याच वेळा यायला हवा.

आतापर्यंतची उदाहरणं पाहून कोणी म्हणेल की गोरा बलवान आणि बाकीचे दुबळे, एवढंच तर आहे. मारियामा बा यांची ‘स्कार्लेट साँग’ (१९८१) ही समजूत मोडते. मिरेय ही फ्रेंच मुत्सद्द्याची मुलगी. बाप आफ्रिकेशी मैत्रीची भाषणं करणारा, पण मुलीकडे काळ्या तरुणाचा फोटो सापडताच तिला फ्रान्सला धाडणारा. ती त्या तरुणासाठी, उस्मानसाठी, इस्लाम स्वीकारते, आईबापांना कायमची मुकते, सेनेगलमधल्या डाकारला येते. सासूला स्वयंपाकघर सांभाळणारी, आपल्या रीतीतली सून हवी होती. उस्मान बायकोला न सांगता उलेमातूशी दुसरं लग्न करतो, आणि आपल्या वागण्याला निग्रिट्यूडचं, म्हणजे काळेपणाचा अभिमान बाळगत आपल्या मुळांकडे परतण्याचं तत्त्वज्ञान जोडतो. वसाहतवादाने हिरावलेला सन्मान परत मिळवण्यासाठी ज्या पिढीने तो विचार घडवला, त्याचा असा वापर होताना पाहणं क्लेशकारक आहे. मिरेयचा शेवट भयंकर आहे. ती स्वतःच्या मुलाचा, ‘ना काळा ना गोरा’ अशा त्या मुलाचा जीव घेते आणि उस्मानवर सुरी चालवते. बा यांनी हे स्वतः सेनेगलच्या, मुस्लिम, स्त्री असून लिहिलं, गोऱ्या बाईला न्याय देताना आपल्या समाजाला सूट न देता. दुर्दैवाने हे पुस्तक छापून आलेलं पाहायला त्या राहिल्या नाहीत.

मिरेयला बदलावं लागलं कारण डाकारमधलं घर तिचं नव्हतं आणि परतीचं घर बंद झालं होतं. कातडीच्या रंगाने जगात मिळणारी सत्ता आणि चार भिंतींतली सत्ता कधी जुळतात, कधी उलटतात. या दोन्हींचा हिशेब एकदम ठेवणं कादंबरीला जमतं. सिद्धांताला ते अवघड जातं.

नादिन गॉर्डिमर यांची ‘द पिकअप’ (२००१) हा हिशेब कागदपत्रांपर्यंत नेते. जोहान्सबर्गच्या श्रीमंत बँकरची मुलगी ज्यूली एका गॅरेजमधल्या परदेशी मेकॅनिकच्या प्रेमात पडते. गॅरेजात तो अब्दू, खरं नाव इब्राहीम. देशात बेकायदा राहतो आहे. ज्या देशात १९४९ ते १९८५ गोरे आणि इतर वंशांचे लोक यांच्यातलं लग्नच कायद्याने बंद होतं, तिथे आता हे जोडपं खुशाल लग्न करू शकतं. अडतं ते व्हिसापाशी. ज्यूलीसाठी वडिलांचं जग सोडणं ही निवड आहे, आणि हवं तेव्हा परतीचं तिकीट काढण्याची सोय तिला कायम आहे. इब्राहीमला हद्दपारीची नोटीस येते. तो एकामागून एका देशाच्या दूतावासात अर्ज घालत राहतो. त्याला प्रवाही अस्मिता नको आहे, त्याला कुठलीतरी एक पक्की, शिक्का मारलेली ओळख हवी आहे. तिला त्याच्या गावच्या वाळवंटात अर्थ सापडतो. तो तिथून सुटण्यासाठी धडपडतो. दोघांचं प्रेम खोटं नाही. पण ‘सगळ्या सीमा पुसल्या गेल्या पाहिजेत’ हे वाक्य एकाच पलंगावर झोपणाऱ्या या दोघांच्या तोंडी एकाच अर्थाचं राहत नाही. इथे आणखी एक गुंता आहे. आतापर्यंत बदलणारी बहुधा बाई होती. ‘द पिकअप’मध्ये लाचारी पुरुषाच्या वाट्याला आहे. म्हणून हा केवळ स्त्री-पुरुष प्रश्नही नाही. ज्याच्या हातात कागद नाही, त्याला वाकावं लागतं.

पुढच्या पिढीचं, म्हणजे अशा लग्नांतून जन्मलेल्या मुलांचं, थोडं वेगळं आहे. हनीफ कुरेशी किंवा झेडी स्मिथ या ब्रिटिश कादंबरीकारांच्या लंडनमध्ये मिश्र रक्ताची मुलं हसतात, भांडतात, कुठलीच एक ओळख पुरी पडत नाही म्हणून चिडतात. प्रवाही अस्मितेचं कौतुक सर्वांत जास्त या कादंबऱ्यांच्या आधारे होतं आणि तिथे ते बरंचसं पटतं. या मुलांनी तो प्रवाहीपणा मिळवलेला नाही, ती तशीच जन्मली आहेत. पण मुलांच्या मोकळेपणाचा दाखला देऊन त्यांच्या आयांनी काय मोजलं, हा प्रश्न मिटत नाही.

हे सगळं कादंबऱ्यांपुरतं आहे, असं म्हणून सोडता येत नाही. भारतात वेगवेगळ्या धर्मांच्या दोघांना धर्म न बदलता लग्न करायचं तर १९५४चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात तीस दिवसांची नोटीस, ती सर्वांना दिसेल अशी लावण्याची तरतूद आणि आक्षेपाला वाव आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१मध्ये ही जाहीर नोटीस जोडप्याच्या इच्छेवर ठेवली. याच कायद्याचं कलम १९ सांगतं की अविभक्त कुटुंबातल्या हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन व्यक्तीने या कायद्याखाली लग्न केलं तर ती त्या कुटुंबापासून विभक्त झाली असं मानलं जाईल. १९७६ साली दुरुस्ती झाली आणि वधू-वर दोघंही याच धर्मांतले असतील तर त्यांना यातून वगळण्यात आलं. एक मुस्लिम किंवा ख्रिश्चन आणि एक हिंदू असेल, तर कलम तसंच लागू आहे. सांस्कृतिक सरमिसळीचा गौरव भाषणांत कितीही होवो, असं लग्न म्हणजे घरापासून तुटणं, हे कायद्याने लिहून ठेवलेलं आहे. ते बदललं पाहिजे असं मला वाटतं, आणि कादंबरी वाचणाऱ्यांनी ते म्हटलं पाहिजे असंही वाटतं. अम्मूसाठी गलबलून येणाऱ्या वाचकाने या कलमाकडे दुर्लक्ष करणं बरोबर नाही.

साहित्य शिकवणाऱ्यांकडून माझी मागणी छोटी आहे. अशी कादंबरी वर्गात घेताना संकर आणि तिसरा अवकाश यांच्यापाशी पोचण्याआधी विद्यार्थ्यांना पात्रांचे व्यवहार शोधायला लावा: लग्नानंतर कोणाचं नाव बदललं, धर्म कोणी बदलला, राहतं घर कोणाच्या नावावर आहे, माहेरचं किंवा मायदेशाचं दार कोणासाठी उघडं आहे. यातून कादंबरी रुक्ष होत नाही. आंत्वानेतची तडफड, उस्मानचा दुटप्पीपणा, इब्राहीमची घाई या सगळ्याला त्यातून वजन येतं.

लेखकांकडून मात्र मोठी अपेक्षा आहे. पळून जाणं, घरच्यांचा विरोध, नोंदणी कार्यालयातली सही इथपर्यंत आपली कथा अनेकदा येते आणि तिथे थांबते. त्यानंतरची वीस वर्षं बहुतेक कोरी आहेत. मुलाच्या शाळेच्या अर्जातला धर्माचा रकाना कोणी आणि कसा भरला, सासरे गेल्यावर वाटणीच्या बैठकीत परधर्मातली सून कुठे बसली, दोघांपैकी एक गेल्यावर अंत्यविधीचा निर्णय कोणाच्या हातात होता, मृत्युपत्र केलं होतं का, केलं असेल तर कोणत्या दिवशी आणि कशाच्या भीतीने. अशी लग्नं केलेली माणसं आज साठी-सत्तरीत आहेत, ही वीस वर्षं त्यांनी काढली आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणी बोलायला तयार असतील.